सर्व्हर काय बोलला

मालकीणबाईंच्या रंगाच्या कारखान्यात एक रीत होती. ती त्यांनीच घालून दिलेली, म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कापड पाण्यात उतरलं की कुणी तोंड उघडायचं नाही. काही हवं असेल तर हात हलवायचा, फडकं दाखवायचं. आणि कुणी बोललाच, तर काहीतरी बिघडलं असं धरून सगळ्यांनी जिथल्या तिथे हात थांबवायचे. पूर्वी गप्पांच्या गोंगाटात एकाची हाक बुडाली होती आणि त्याचा हात कोपरापर्यंत उकडून निघाला होता. तेव्हापासून कामाच्या वेळी आवाज म्हणजे संकट, हे या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाईंची स्वतःची जीभ दांडपट्ट्यासारखी फिरायची, पण हौदाशेजारी तीही म्यानात.

म्हणून त्या सकाळी सर्व्हर बोलला, तेव्हा सगळ्यांचे हात थांबले.

सर्व्हर म्हणजे वरच्या ऑफिसातल्या जाळीच्या कपाटात घूंघूं करणारं काळं खोकं. साऱ्या रंगांची मापं त्याच्या पोटात. ती भरायचा थोरला, बाईंचा मोठा मुलगा. तो आज इस्पितळात होता, घशाची शस्त्रक्रिया होऊन गुंगीत पडलेला. त्याला काही विचारायची सोय नव्हती. आणि खाली हौदात नाट्यगृहाच्या पडद्याचा दुसरा अर्धा भाग भिजत होता. पहिला अर्धा थोरल्यानंच रंगवला होता आणि तो रंगमंचावर टांगलाही गेला होता. दुसरा त्याला तंतोतंत जुळला पाहिजे. नाहीतर भरल्या नाट्यगृहात डावा पडदा एका रंगाचा, उजवा दुसऱ्या, आणि लोकांच्या तोंडी या कारखान्याचं नाव. मापं बघायचा खालचा कॉम्प्युटर वाफ खाऊन खाऊन आदल्या दिवशी बंद पडला होता. म्हणून थोरल्याची बायको वर ऑफिसात नवा कॉम्प्युटर घेऊन बसली होती आणि तो सर्व्हरला जोडत होती.

जोडणी झाली आणि स्क्रीनवर दोन ओळी उमटल्या.

धाकटा दीर तिच्या खुर्चीमागे उभा होता. त्यानं इंग्रजी वाचलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई! चेंज्ड म्हणतोय हा! डेटाबेस कॉन्टेक्स्ट चेंज्ड. आणि खाली भाषासुद्धा चेंज्ड. बदललं, आई! आत काहीतरी बदललं!"

खाली हौदापाशी उभ्या भट्टीवाल्यानं ऑफिसच्या काचेतून धाकट्याचं उघडलेलं तोंड पाहिलं आणि कापड फिरवणारं चाक थांबवलं. कापड पाण्यात निपचित पडलं.

"झालं. थांबलं कापड," वर ऑफिसात काचेशी उभ्या बाई म्हणाल्या. "पडून राहिलं तर घड्या धरील, आणि मग घडीघडीवर पट्टे. काय ते चटकन बोला. कुणी बदललं?"

"कुणीच नाही, आई," सून म्हणाली. "ही चूक नाहीये. नुसती माहिती आहे. आत घेतलं की सर्व्हर सांगतो, आता तुम्ही 'रंग' नावाच्या खणात आहात आणि मी तुमच्याशी इंग्रजीत बोलणार."

"मग इतके दिवस का नाही सांगितलं? दातखीळ बसली होती त्याची?"

"सांगत होता. जुन्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम ते परस्पर गिळायचा. इथे तो अजून चढवला नाही, मी थेट जोडलंय. म्हणून दिसतंय."

"वहिनी, हे तू मनानंच सांगतेयस," धाकटा म्हणाला. "दादा असता तर..."

"तुझा दादा असता तर त्यानं तुला आधी खाली बसवलं असतं."

बोलली खरी, पण तिनं स्क्रीनवरच्या दोन ओळी पुन्हा एकदा वाचल्या. बाईंना ते दिसलं.

धाकटा खाली बसला, पण सर्व्हरपाशी. "माझ्याकडे जुनी प्रत आहे. गेल्या हिवाळ्यात काढलेली. ती चढवतो. जे काही बदललं असेल ते पुसून सगळं पहिल्यासारखं होईल."

"आणि त्यानंतर ह्यांनी जे भरलं ते?" सून ताडकन उठली. "पडद्याचं माप ह्यांनी नंतर भरलंय. दुसरीकडे कुठे ते नाहीये. तू बटण दाबलंस की तेही जाईल."

"बिघडलेलं माप ठेवून करायचं काय? उशाशी घेऊन झोपायचं?"

बाई दोघांच्या मधे उभ्या होत्या. त्या शाळेत गेल्या त्या पाटी फुटेपर्यंत. इंग्रजी म्हणजे त्यांना काळं का गोरं माहीत नाही. एक पोटचा, एक परक्या पोटची, आणि पोटच्याचा आवाज मोठा. पण मोठा आवाज आणि खरा आवाज वेगळा असतो, हे त्यांना हौदाकाठी केस पिकवून कळलं होतं. खाली भट्टीवाला लाल फडकं हलवायला लागला. म्हणजे आता धीर सुटत चालला.

"तू," त्या धाकट्याला म्हणाल्या, "बोट उचल. दाबलंस तर मोडून हातात देईन." मग सुनेकडे वळल्या. "आणि तू गं. हा सर्व्हर खरोखर चिडला की कसा बोलतो ते मला दाखव."

"म्हणजे, आई?"

"म्हणजे खोटी किल्ली लाव. डिवच त्याला. हसून बोलतो कसा आणि शिवी देतो कसा, दोन्ही ऐकल्याशिवाय माणूस कळत नाही. हे तर खोकं."

सुनेनं जोडणी तोडली आणि मुद्दाम भलताच पासवर्ड घातला. एक ओळ आली. तिच्याखाली काहीच नाही.

"लॉगिन फेल्ड म्हणतोय," सून म्हणाली. "ही खरी चूक. इथे बघा, प्रत्येक निरोपाला पातळी असते. दहापर्यंत नुसती माहिती, त्याच्या वर गेली की चूक. ह्याची चौदा आहे. मघाच्या दोन्ही ओळींची शून्य होती."

"आकडे ठेव तुझ्याजवळ. आत घेतलं का त्यानं?"

"नाही. दारातच उभं केलंय."

"बरं. आता खरी किल्ली."

पुन्हा त्याच दोन ओळी, आणि खाली पुढच्या हुकमाची वाट बघत लुकलुकणारी रेघ.

"बाहेर ये, पुन्हा आत जा."

पुन्हा त्याच. अक्षर न अक्षर.

"दर वेळी बदललं म्हणतो आणि दर वेळी तेच," बाई म्हणाल्या. "धाकट्या, तू रोज शर्ट बदलतोस. म्हणून रोज नवा माणूस होतोस का रे? आहेस तोच उरतोस ना आमच्या नशिबी?"

धाकटा सर्व्हरपासून हलला नाही. बाईंनी काचेशी जाऊन हात गोल फिरवला. खाली चाक पुन्हा फिरायला लागलं, कापड सरकायला लागलं.

"आता माप काढ."

सुनेनं पडद्याचं माप काढलं आणि वाचलं. लाल नेहमीइतकाच. निळा... बाई पुढे झुकल्या. निळा त्यांच्या स्वतःच्या जुन्या मापाच्या अर्धा. आणि खाली तपकिरी, जो त्यांनी या रंगात जन्मात घातला नव्हता.

"बघ!" धाकटा ओरडला. "बघ आई, तरी मी सांगत होतो! हे तुझं माप नाहीच. निळा अर्धा गिळला आणि तपकिरी कुठून उपटला?" त्याचं बोट परत कीबोर्डवर गेलं.

बाईंनी त्याचं मनगट धरलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं हे?"

"नाही," सून म्हणाली. "ह्यांनी मला सांगितलं नव्हतं."

हो म्हणून सुटायला याहून चांगली वेळ नव्हती. पोरीनं ती सोडली. बाईंनी ते मनात बांधून ठेवलं.

"खोक्यानं शिवी दिली नाही," त्या सावकाश म्हणाल्या, जणू स्वतःलाच समजावत. "म्हणजे आतलं बदललं असेल तर ते माणसानं. आणि माणसानं रंगात काय केलं, ते मला कुणी वाचून दाखवायला नको. कात्री आणा."

भिजत्या कापडाच्या टोकाच्या दोन पट्ट्या काढल्या. दोन पातेली चढली. एकात बाईंचं माप, जे त्यांना झोपेतही पाठ होतं. दुसऱ्यात सर्व्हरमधलं. भट्टीवाल्यानं दोन्ही सारख्या आचेवर ढवळली. तोवर हौदातलं चाक साध्या पाण्यात कापड फिरवत राहिलं आणि धाकटा येरझाऱ्या घालून फरशी झिजवत राहिला. पट्ट्या निघाल्या, इस्त्रीखाली वाळल्या. पहिल्या पडद्याचं कातरून ठेवलेलं टोक सुनेनं आणलं, आणि सगळे वर ऑफिसातल्या खिडकीच्या उजेडाशी गेले.

बाईंची पट्टी त्या टोकावर ठेवली. मुका मार लागल्यासारखी निळसर दिसली.

दुसरी ठेवली. ती दिसेचना. बोटानं चाचपल्याशिवाय कड सापडेना.

पहिला पडदा टांगला गेल्यापासून बाई भेटेल त्याला सांगत होत्या, बघून या, रंग माझ्या हातचा आहे. थोरला शेजारी उभा राहून नुसती मान डोलवायचा.

"मेल्यानं..." बाईंनी जीभ चावली. आज असलं तोंडातून जायला नको होतं. "कार्ट्यानं माझा निळा कापला. तोंडावर एक शब्द नाही."

"दोन्ही पडद्यांचं कापड पिवळट आहे," सून हळूच म्हणाली. "त्यावर निळा जास्त चढत असेल..."

"मला शिकवू नकोस." मग पट्टी पुन्हा उजेडात धरून, "असेल."

धाकटा जुन्या प्रतीची डिस्क हातात घोळवत उभा होता. बाईंनी त्याच्यापुढे तळवा पसरला. "आण ती इकडे. वहिनीकडे राहील. पडद्याचं माप धरून नवी प्रत काढून झाली की तुला लांबून दाखवेल."

त्यानं मुकाट्यानं दिली.

खाली भट्टीवाल्यानं विरघळवलेले रंग हौदाच्या काठावर मांडून ठेवले होते. सवयीनं बाईंचा हात निळ्याची बादली पुरी भरायला गेला. तो त्यांनी मागे घेतला. निळा अर्धाच ओतला, आणि मग तपकिरी.