तळाचं मीठ

"मीठ विरघळलं का?" आतल्या खोलीतून काकूंनी विचारलं.

"विरघळलं," लिंबूकाका म्हणाले आणि त्यांनी टबात ॲसिड ओतलं.

खरं तर त्यांनी बघितलंच नव्हतं. बघायचं म्हणजे कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपायचा, आणि मागच्या खोलीत थंडी अशी की नळाच्या तोंडाशी बर्फ धरलेला. शिवाय काकांची बोटं कारखान्यात कधीच बधिर होऊन बसली होती. तळाशी मीठ लागलं काय आणि वाळू लागली काय, त्यांना सारखंच. मीठ आधी कोमट पाण्यात विरघळवून घ्यायचं, हे त्यांनी स्वतः कितीतरी नव्या कामगारांना ओरडून ओरडून शिकवलं होतं. पण गॅस सकाळीच संपला होता आणि धीर त्याच्याही आधी.

लिंबू हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कातडी कमावण्याच्या कारखान्यात जन्म काढला, अंगाला कायम आंबट वास, म्हणून कुणीतरी लिंबू म्हणालं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. काकू त्याच कारखान्यातल्या. काका ओतायचे, काकू ढवळायच्या. "थांबा, खाली आहे अजून," असं त्या म्हणाल्या की मुकादमसुद्धा मुकाट्यानं थांबायचा. लग्न झालं तेव्हा सगळे म्हणाले, लिंबूनं बायको नाही, ढवळणारी घरी नेली.

आता ती ढवळणारी अंथरुणाला खिळली होती. पाठीला, माकडहाडाशी जखम पडली होती आणि ती दिवसेंदिवस खोल चालली होती. घरी येणाऱ्या नर्सनं सांगितलं होतं, "काका, खऱ्या मेंढीचं कातडं मिळालं तर बघा, लोकरीसकट. अंगाखाली हवा खेळती राहते. जखम हाडापर्यंत गेली तर मात्र अवघड आहे." काकांनी धावत जाऊन बाजारातून एक आणलं, ते नायलॉनचं निघालं. काकूंना त्यावर घाम फुटला आणि होती नव्हती ती कातडी सोलून निघाली. मग काका ओळखीच्या खाटकाकडे गेले आणि ताजं कातडं खांद्यावर टाकून घरी आले. जन्मभर परक्यांच्या बुटांसाठी कातडी कमावली, आता बायकोसाठी एक कमवायचं, त्यात काय मोठंसं!

ॲसिड ओतल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी टबातल्या कातड्याची मानेकडची जाड बाजू दुमडली आणि चिमटीत दाबून बघितली. मुरलेल्या कातड्यावर अशानं पांढरी रेघ उमटते. इथे काही उमटलं नाही.

"धरलं का?" काकूंनी विचारलं.

"कुठलं धरतंय. थंडीनं पाणी सुस्तावलंय. आत शिरायचं नावच घेत नाही."

"मग हीटर न्या तिकडं."

"आणि तू?"

"मला रजई आहे. त्याला काय आहे?"

"नको. तू गारठशील."

"अहो, एवढं कातडं होऊ दे, मग मी अशी झोपेन ना, की तुम्ही उठवून दमाल. न्या म्हणते ना."

घरात हीटर एकच. काकांनी काकूंवर रजई घातली, वर स्वतःचा कोट घातला आणि हीटर उचलून टबाशी नेला. मग सुरू झाले हेलपाटे. इकडे टबाला हात लावायचा, तिकडे काकूंच्या पायांना. टब कोमट होत गेला आणि पाय गार. काकूंचे दात वाजायला लागले. "झालंच आता," काका म्हणत राहिले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं, पण हात काही हीटर उचलत नव्हते.

दुपारनंतर त्यांनी कातडं वर ओढलं. ते फुगून बुळबुळीत झालं होतं आणि लोकर त्यांच्या मुठीत आली. दुसरीकडे धरलं, तिथलीही आली. काकांनी ढवळायचा दांडका घेतला आणि टबाच्या तळाशी घासला.

करकर आवाज आला.

मीठ जसंच्या तसं खाली बसलं होतं. वरच्या पाण्यात नुसतंच ॲसिड, आणि त्याला आवर घालायला मीठ नसलं की ते कातडं फुगवतं, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. त्यावर त्यांनी ऊबही दिली होती, काकूंच्या अंगावरची काढून. आता वरून कितीही मीठ घाला, सुटलेली लोकर परत बसत नाही. आणि नवं कातडं आणून, मुरवून, वाळवून होईपर्यंत जखम थोडीच थांबणार होती! काका टबाच्या कडेवर डोकं टेकून रडले. आवाज आत जाऊ नये म्हणून त्यांनी बाही दातांत धरली होती.

मग डोळे पुसून त्यांनी हीटर काकूंकडे परत नेला.

काकांनी सगळी लोकर गोळा केली. आंबटपणा जाईपर्यंत सोड्याच्या पाण्यात धुतली, हीटरसमोर वाळवली, बोटांनी मोकळी केली. उशीच्या दोन जुन्या अभ्र्यांची पिशवी करून त्यात ती पसरली आणि वरून टाके घातले. सुई बोटात गेली तरी कळत नव्हतं. कापडावर लाल ठिपका दिसला की कळायचं.

नर्स आली. दोघांनी मिळून काकूंना कुशीवर वळवलं. नर्सनं पट्टी सोडली, बघितलं, नवी बांधली आणि काकांनी पुढे केलेली गादी पाठीखाली सरकवली. दाराशी ती हळूच म्हणाली, "काका, आता त्यांना दुखू नये एवढंच बघू या."

काका परत येऊन पलंगाशी बसले.

"झालं का कातडं?" काकूंनी विचारलं.

"झालं."

काकूंनी हात अंगाखाली नेला. तो कापडावरून फिरला, टाक्यांपाशी थांबला, पुन्हा फिरला. हजारो कातडी त्या हाताखालून गेली होती.

"मऊ झालंय," काकू म्हणाल्या.

काकांनी रजई त्यांच्या खांद्यापर्यंत ओढली.

"पुढच्या वेळी ढवळायला मला उठवा."

"उठवतो," काका म्हणाले.

काकूंचा डोळा लागला. काका मागच्या खोलीत गेले, टब कलता करून त्यांनी पाणी सोडून दिलं आणि तळाचं मीठ मुठीमुठीनं बादलीत भरायला घेतलं.