खुर्ची मावणारी गाडी

ताई बावीस वर्षं गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरमागे उभी होती आणि या बावीस वर्षांत तिने एकदाही गाडी चालवली नव्हती. चालवायची गरजच काय? गाडीच्या पोटात काय असतं ते तिला तोंडपाठ होतं. गिऱ्हाइकाने नुसतं "खालून कुरकुर येते हो" म्हटलं की ती मागे न बघता शेल्फवर हात घालायची आणि नेमका हवा तो डबा काढायची. आसपासचे मेकॅनिक तिला काउंटरताई म्हणत आणि तिच्या जिभेला वचकून असत.

त्या जिभेचा खास राग होता तो बिल्लेवाल्या छोट्या गाड्यांवर. एकच कंपनी, एकच कारखाना. एक साधी छोटी गाडी काढायची, मग तिलाच जरा नटवून, पुढे चांदीसारखा चकचकीत बिल्ला ठोकून दीडपट किमतीला विकायची. ताईच्या शेल्फवर दोन्ही गाड्यांच्या काचेची बटणं शेजारी शेजारी होती. एक पांढऱ्या खोक्यात, दुसरं काळ्या. आतलं बटण एकच, त्याच्या पाठीवरचा नंबरसुद्धा तोच. काळं खोकं मागणारं गिऱ्हाईक आलं की ताईला चेव यायचा. ती दोन्ही खोकी उघडून, बटणं बाहेर काढून त्याच्यापुढे ठेवायची. "ओळखा बघू, यातलं तुमचं कुठलं?" तो बावचळला की तिचा दिवस सार्थकी लागायचा.

"आतून गाडी तीच हो. पैसे घेतात ते बिल्ल्याचे." हे वाक्य तिने दुकानात, लग्नाच्या पंगतीत, दातांच्या डॉक्टरकडे रांगेत बसल्या बसल्या, जिथे कोणी सापडेल तिथे ऐकवलं होतं. सगळ्यात जास्त वेळा ते ऐकलं होतं धाकट्याने, म्हणजे तिच्या भावाने. त्याच्या ऑफिसातल्या साहेबाकडे तसलीच एक काळी गाडी होती आणि धाकटा तिच्याकडे भुकेल्यासारखा बघायचा, हे ताईला ठाऊक होतं. म्हणून तर ती त्याला मुद्दाम ऐकवायची.

गाडी घ्यायची ठरली ती आईमुळे. आई मोठ्या हॉस्पिटलात हेडनर्स होती. आयुष्यभर दुसऱ्यांना उठवून बसवलं आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी न्हाणीघरात पाय घसरून स्वतःचा खुबा मोडून घेतला. ऑपरेशन झालं, पण पाय काही पूर्वीसारखे चालले नाहीत. चाकाच्या खुर्चीवरच राहिली. आणि तिकडे दोन तासांच्या अंतरावर तिची थोरली बहीण, म्हणजे मावशी, अंथरुणाला खिळली. आईच्या हॉस्पिटलात रात्रपाळ्या असायच्या तेव्हा याच मावशीने ताईला पाच वर्षं स्वतःकडे ठेवून घेतलं होतं, वेण्या घातल्या होत्या, पाढे घोकून घेतले होते. आता फोनवर तिचा आवाज आठवड्या-आठवड्याला बारीक होत चालला होता.

"माझे साठवलेले पैसे आहेत," आईने दोघांना समोर बसवून सांगितलं. "गाडी घ्या. दर रविवारी मला तिच्याकडे न्या. ती आहे तोवर. मला दुसरं काही नको."

ताईने काम हातात घेतलं. ती आईला आणि खुर्चीला घेऊन शोरूममध्ये गेली, पर्समधून टेप काढली आणि साध्या गाडीची डिकी आडवी, उभी, तिरकी मोजली. सेल्समन ओठ दाबून हसत होता. त्याच्याकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. खुर्ची घडी करून आत सरकवली, दार लावलं. लागलं! वर दोन बोटं जागा उरली. मग आईला पुढे बसवून सेल्समनला एक फेरीसुद्धा मारायला लावली. आई काही बोलली नाही, पण ताई वाटभर बोलत होती. "मावली बघ खुर्ची. मी म्हटलं नव्हतं? एकदम फिट."

पैसे भरायच्या दिवशी दुकानाचा मालक आजारी पडला आणि ताईला सुट्टी मिळेना. धाकटा म्हणाला, "मी जातो. तू कशाला काळजी करतेस?" तिने त्याला गाडीचं नाव, रंग, सगळं कागदावर लिहून दिलं. इथेच घोटाळा झाला.

रविवारी सकाळी ती आईला लिफ्टने खाली घेऊन आली तेव्हा पार्किंगमध्ये काळी गाडी उभी होती. पुढे बिल्ला. धाकट्याने त्याला फडकं मारून ठेवलं होतं आणि तो किल्ली बोटावर फिरवत उभा होता.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ही काय आणलीस?"

"वरचे पैसे माझे घातलेत," तो लगेच म्हणाला. "आईच्या पैशांना हात लावला नाही जास्तीचा."

"कोणासाठी घातलेस? साहेबासाठी?"

"सकाळी सकाळी सुरू होऊ नकोस. आईला बसव."

आईला दोघांनी मिळून पुढच्या सीटवर बसवलं. सीट पार मागे सरकवावी लागली, कारण खुबा वाकत नव्हता. मग ताईने खुर्चीची घडी केली, डिकी उघडली आणि खुर्ची आत घातली. ती अर्ध्यावर अडली. तिने आडवी करून पाहिली, उलटी करून पाहिली, गुडघा लावून रेटून पाहिली. चार बोटं बाहेरच राहत होती. डिकीच्या एका कोपऱ्यात काळा, गुळगुळीत, भलामोठा स्पीकरचा डबा बसवलेला होता.

"हे काय आहे?"

"बेस. गाडीबरोबरच येतो तो. आवाज ऐकशील तर..."

"मला आवाज नाही ऐकायचा, मला खुर्ची ठेवायचीय! मोजलं का नाहीस घेण्याआधी?"

"कशाला मोजू?" धाकटाही आता तापला. "तूच मोजलीस ना त्या गाडीची? आणि दोन्ही गाड्या आतून एकच, हे मला कोणी सांगितलं? एकदा नाही, दोनशे वेळा! 'आतून तीच, आतून तीच.' मी म्हटलं, तीच आहे तर खुर्ची हिच्यातही मावणार. खोटं बोलत होतीस का इतकी वर्षं?"

बावीस वर्षांत काउंटरवर तिला कोणी असं गप्प केलं नव्हतं. आणि केलं कोणी, तर या गाढवाने.

ती सरळ पर्सकडे वळली. पर्समध्ये टेपबरोबर दहाचा पानाही असायचा. "चार बोल्ट आहेत. पाच मिनिटांत काढते तुझा डबा."

धाकटा डिकीसमोर हात पसरून उभा राहिला. "हात लावशील तर याद राख. वॉरंटी जाईल."

"जाऊ दे वॉरंटी! आई महत्त्वाची की ढमढम?"

"मग मागची सीट पाड आणि ठेव ना खुर्ची."

पण मागची सीट अर्धी दुमडत नव्हती. पाडायची तर अख्खी पाडावी लागत होती, म्हणजे गाडीत दोनच माणसं. सीट तशीच ठेवून खुर्ची शेजारी उभी करावी तर ती छताला लागत होती, आडवी टाकावी तर आईची मागे सरकवलेली सीट आड येत होती. धाकट्याने खांदे उडवले आणि अगदी सहज म्हणाला, "मग तू पुढच्या रविवारी ये. आज आम्ही दोघं जाऊन येतो."

ताईला रडूच कोसळणार होतं, पण त्याच्यासमोर रडण्यापेक्षा तिने जीभ चावली असती. पुढच्या रविवारी मावशी असेल, हे याला कोणी लिहून दिलं होतं? पाढे कोणाला शिकवले होते तिने, याला की मला?

काच खाली होती. आईने आतून सगळं ऐकलं होतं. "दुपारच्या औषधानंतर ती झोपते," आई पुढे बघत म्हणाली. "भांडण संपलं असेल तर निघायचं का?"

ताई मागच्या सीटवर जाऊन बसली. "दे ती खुर्ची."

"कुठे?"

"माझ्या डोक्यावर! मांडीवर दे."

सोळा किलोची खुर्ची तिच्या मांडीवर आडवी झाली. एक चाक काचेला टेकलं, हॅंडल हनुवटीखाली आलं आणि पाय ठेवायची पट्टी बरगडीत रुतली. धाकट्याने गाडी काढली.

गाडी शहराबाहेर पडली. ताई खुर्चीआडून रस्त्याकडे टक लावून होती. तिला एक खड्डा हवा होता. एकच चांगला खड्डा, म्हणजे गाडी दणकन आपटेल, आई कण्हेल आणि मग याची चांगली हजेरी घेता येईल. खड्डे आले, नाही असं नाही. गतिरोधक आले, उखडलेला पूल आला. पण गाडी नुसती हलकी झुलायची आणि पुढे जायची. रागाला खतपाणी मिळेना तशी ताई आणखीच चिडत गेली. आणि मग तिला पुढून आवाज आला. आई घोरत होती.

खुबा मोडल्यापासून आईला दुपारीसुद्धा धड झोप नव्हती. ताईने मान वाकडी करून पाहिलं. आईचं डोकं एका बाजूला कललं होतं आणि तोंड किंचित उघडं होतं.

तासाभराने आई जागी झाली. "लागतंय का ग खूप?"

"नाही," ताई म्हणाली. तिचा डावा पाय केव्हाच बधिर झाला होता. मग राहवलं नाही म्हणून पुढे म्हणाली, "साध्या गाडीतही अशीच झोप लागली असती तुला. आतून तीच आहे."

"नाही लागली असती," आई म्हणाली. "शोरूममधून फेरी मारली ना आपण, त्या गाडीत प्रत्येक खड्ड्याला जीव जात होता माझा. ओठ चावून बसले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलू देत होतीस का? खुर्ची मावली, खुर्ची मावली म्हणून नाचत होतीस. मला कसं वाटतंय हे विचारलंस?"

"अग पण सांगायचं तरी!"

"सांगून काय झालं असतं?" आईच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "तू दोन खोकी उघडून दाखवली असतीस मला."

धाकट्याने आरशातून ताईकडे पाहिलं. चेहरा फुललेला. "बघ! म्हणून तर मी ही..."

"तू गप्प बस," आई म्हणाली. "तू ही घेतलीस ती साहेबाकडे बघून. मला तूही विचारलं नाहीस."

आरशातला चेहरा पडला. पण ताईला त्याचा आनंद झाला नाही. तिला आपलं शेल्फ दिसत होतं. खालून दुसरा कप्पा, उजवीकडे. दोन्ही गाड्यांचे शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे खड्ड्यांचे धक्के झेलणारे दांडे, तिथे होते, आणि त्यांचे नंबर वेगळे होते. पहिल्यापासून वेगळे होते. काळ्या खोक्यातला हाताला जडही लागायचा. हे तिला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक नसायला ती काय काल कामाला लागली होती? पण ती दोन खोकी तिने कधी कोणापुढे शेजारी शेजारी उघडून ठेवली नव्हती. बटणंच दाखवत राहिली. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि त्या लाजेत पट्टी बरगडीत आणखी आत गेली तरी ती हलली नाही.

मावशीच्या दारापर्यंत गाडी जात नव्हती. फरशीची लांबट बोळकांडी होती. धाकट्याने खुर्ची उघडली, आईला बसवलं आणि ढकलत नेलं. ताईला गाडीतून उतरताच येईना. दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. ती दाराला धरून पाय झटकत उभी राहिली आणि मग भिंतीच्या आधाराने लंगडत आत गेली.

मावशी उशीत बुडालेली होती. पार वाळून गेली होती. आईची खुर्ची पलंगाला भिडवून ठेवली होती, खुर्ची आणली म्हणूनच ते जमलं होतं, आणि दोघी बहिणी एकमेकींचे हात धरून नुसत्या बसल्या होत्या.

"लंगडतेस का ग?" मावशीने ताईला विचारलं.

"पाय आखडला."

"गाडी घेतलीत म्हणे. आणि हिला झोप लागली म्हणे वाटेत." मावशी हसली. "तुला गाड्यांमधलं कळतं. चांगली आहे का ग?"

सगळे ताईकडे बघायला लागले. धाकटा तर श्वास रोखून उभा होता. ते नेहमीचं वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं, आणि आई शांतपणे तिच्याचकडे बघत होती.

"डिकी लहान आहे," ताई म्हणाली.



परतताना तिला कोणी सांगायची गरज पडली नाही. ती आधी जाऊन मागे बसली आणि खुर्चीसाठी हात पुढे केले. मुख्य रस्त्याला लागल्यावर धाकट्याचं बोट गाण्यांच्या बटणाकडे गेलं. सकाळपासून त्याने स्वतःला आवरलं होतं, बिचाऱ्याने.

"लावू नकोस," ताई मागून दबक्या आवाजात म्हणाली. "झोपलीय ती."

त्याने हात मागे घेतला. खुर्चीची पट्टी सैल होऊन खडखडत होती. ताईने ती दोन्ही हातांनी धरून पोटाशी दाबली आणि घर येईपर्यंत सोडली नाही.