‘येते’ नावाचं बटण

मित्रांनो, मी एक जुना संगणकावरचा खेळ आहे. माझ्यात पळापळ नाही, मारामारी तर नाहीच. पडद्यावर चित्र दिसतं, खाली ओळी उमटतात. तुम्ही वाचत जायचं आणि अधूनमधून काय बोलायचं ते निवडायचं. एक मुलगी खूप दिवसांनी आईला भेटायला येते, एवढीच माझी गोष्ट.

दोघी बहिणींनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर घडवलं. ताई लिहायची, धाकटी चित्रं काढायची. माझी उणी मीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही सांगालच. अख्ख्या गोष्टीत खोल्या दोन. आईला चेहरे तीन: हसरा, रागावलेला आणि डोळे मिटलेला. चौथा जमलाच नाही, म्हणून आई रडो वा शिंको, डोळे मिटते. संगीत म्हणजे त्यांच्या मामांची शिट्टी. मधेच ते दम घेतात, तोही ऐकू येतो. पण भाषेत मी कुणाला हार जाणार नाही! ताई प्रत्येक ओळ मोठ्यानं म्हणून बघायची आणि जिभेला अडली की खोडायची.

बाहेर पडायच्या बटणावर आधी ‘बंद करा’ होतं. ताई म्हणाली, “आईला कुणी बंद करतं का गं? निघताना आपण ‘येते’ म्हणतो. तेच लिही.” धाकटीनं लिहिलं आणि तिथेच घोळ झाला.

खेळांच्या प्रदर्शनात आम्हाला दाराजवळचा कोपरा मिळाला. ताईनं सांगून ठेवलं होतं, “एका जरी माणसानं हा खेळ शेवटपर्यंत खेळला तर पुढचा लिहीन. नाहीतर लिहिणं कायमचं बंद.” लोक यायचे, पहिल्याच पडद्यावर ‘येते’ दिसायचं. त्यांना वाटायचं, हे आत यायचं बटण! दाबलं की मी बंद. “बिघडलाय हो तुमचा खेळ,” म्हणत सात जण निघून गेले. ताईचं तोंड एवढंसं झालं.

दुपारी दारावर तिकिटं फाडणाऱ्या बाई माझ्यासमोरच्या खुर्चीत टेकल्या. “पाय दुखले म्हणून बसले हो,” असं म्हणून, ‘येते’कडे न बघता, त्या सहज वाचू लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “अगं, ही बाई सारखे डोळे काय मिटते? आणि शिट्टीवाला दमलाय वाटतं!” धाकटी लाजून लाल झाली. पण बाई काही उठल्या नाहीत.

दारात रांग लागली. कुणीतरी ओरडलं, “बाई, तिकीट!”

“थांबा जरा! आई रुसलीये,” बाई म्हणाल्या.

झालं! रांगच माझ्याभोवती गोळा झाली. शेवटी मुलगी निघते आणि आई दारात डोळे मिटून उभी राहते. तोच मिटल्या डोळ्यांचा चेहरा तिथे असा शोभला म्हणून सांगू! बाईंनी पदरानं डोळे टिपले, बाण ‘येते’वर नेला आणि पडद्याला मोठ्यानं म्हणाल्या, “येते गं आई.”

लगेच मागून आवाज आला, “उठा बाई, आता माझा नंबर!” ताई रडता रडता हसत सुटली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझी खुर्ची रिकामी झाली नाही, मित्रांनो. आहे की नाही शान!

आज ताईचा सहावा खेळ तयार होतोय. त्यातल्या आजोबांना अकरा चेहरे आहेत. माझं ‘येते’ हे बटण पहिल्या पडद्यावरून हललं, पण शेवटी अजून आहे.

एवढंच मागतो. गरीब खेळ भेटला तर त्याच्या चुका खुशाल मोजा, पण शेवटपर्यंत बसून मोजा. आणि उठताना नुसतं बंद करू नका, ‘येतो’, ‘येते’ म्हणा. आम्ही वाट बघतो.