लाल मडगार्डवरचा २८९

मी २८९ बोलतोय. धातूचा बिल्ला आहे मी, बोटभर उंचीचा. दोन सीटांच्या जुन्या विलायती स्पोर्ट्स गाड्यांच्या पुढच्या मडगार्डांवर आम्ही असायचो, दोन्ही बाजूंना एकेक. आत किती घन इंचांचं इंजिन आहे, ते जगाला सांगणं हे आमचं काम.

माझी गाडी कुवेतमध्ये ठोकली गेली. पलीकडचा बिल्ला चेपून गेला. मला मात्र तिथल्या गॅरेजात कामाला असलेल्या अहमदमियांनी मालकाला विचारून अलगद काढलं आणि श्रीवर्धनला घरी आणलं. मग कित्येक वर्षं मी त्यांच्या शोकेसमध्ये, कपबश्यांच्या शेजारी. पाहुणे मला घराचा नंबर समजायचे!

त्यांची लेक मिस्बाह तेवढी मला हातात घेऊन विचारायची, "अब्बा, ह्याची गाडी पळायची कशी?" ती मोठी झाली, इंजिनिअर झाली आणि सुपारीच्या वाडीतल्या शेडमध्ये तिनं हुबेहूब तशी गाडी बांधायला घेतली. अंग नवं, फायबरचं. इंजिन मात्र त्याच जातीचं, जुनं, न्हावा शेव्याला जहाजातून उतरलेलं.

लालभडक रंग चढला. राहिले बिल्ले. तिच्यासोबत खपणारा मेकॅनिक प्रीतम ४२७चे चकचकीत बिल्ले घेऊन घरी आला.

"हेच लाव. आकडा मोठा हाय, लोक बघत राहतील."

"आत २८९ आहे ना? मग बाहेरही तोच."

"बॉनेट उघडून कोण बघणार हाय?"

"मी बघते ना रोज!"

मला तर शोकेसची काच फोडून बाहेर उडी मारावीशी वाटली.

पण दुसऱ्या बाजूला काय लावायचं? मिस्बाहनं परदेशातून बिल्ले मागवले. एकाच्या नवाची शेपटी भलतीच वळलेली. दुसरा नुसता चिकटपट्टीचा. तिसरा निघाला थेट माझ्यासारखा, मागे दोन खिळे, कडा झिजलेल्या. अहमदमियांना हल्ली नीट दिसत नाही. त्यांनी आम्हा दोघांवरून अंगठा फिरवला आणि ओरडलेच, "माशाल्लाह! हा तर सख्खा भाऊ!"

इतक्या वर्षांनी मला भाऊ!

आता खिळ्यांसाठी नव्याकोऱ्या रंगात भोकं पाडायची. ड्रिल जरा घसरलं की मडगार्ड वाया. प्रीतमनं डोळे गच्च मिटले. मिस्बाहनं खुणेवर ड्रिल टेकवलं, 'बिस्मिल्लाह' म्हटलं आणि घर्रर्र! माझे पाय भोकांत चपखल बसले. मग ती भावाच्या बाजूला गेली.

संध्याकाळी गाडी समुद्राकडच्या रस्त्याला लागली. मिस्बाहच्या शेजारी बसलेले अहमदमिया टोपी धरून ओरडत होते, "अजून दाब बेटा, अजून!"

तेव्हापासून मी असा वाऱ्यावर आहे. भाऊ पलीकडच्या मडगार्डवर, मध्ये अख्खं इंजिन. ते धडधडलं की मी शहारतो, तोही शहारत असणार. पण आम्हाला एकमेकांचं तोंड दिसत नाही. म्हणून विनंती आहे. श्रीवर्धनला ही लाल गाडी उभी दिसली, तर माझा फोटो काढून तसेच जाऊ नका. एक फेरी मारून पलीकडे जा, आणि परत येऊन मला सांगा, माझा भाऊ कसा दिसतो?