टँकरवरचे गुलाब

"बाबा, आज मी 'हो' दाबणार," माउसवर हात ठेवून स्वरदा म्हणाली. "संध्याकाळी माझी पुण्याची गाडी आहे. नंतर फोनवर रडायचं नाही."

श्रीनिवासरावांनी चष्मा पुसायला काढला. पडेगावच्या दुकानात लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करणारा हा गृहस्थ अडचणीत आला की चष्मा पुसत असे. संगणकावर फुकटचं लिनक्स लेकीनेच घालून दिलं होतं. नवी आवृत्ती घ्या, असं सांगणारी चौकट ते गेली तीन वर्षं झुरळासारखी झटकून टाकत आले होते. पण शेंद्र्याच्या कारखानदारांची लग्नं आता नव्या कॅमेऱ्यांवर व्हायची आणि त्यांच्या फायली हे जुनं यंत्र उघडायलाच तयार नव्हतं. चांगलं गिऱ्हाईक हातचं चाललं होतं.

"माझे गुलाब राहतील ना?"

"नाही. तो इफेक्ट नव्यात नाहीच. जुनी कामं उघडतील याचीही खात्री नाही. सुटलात एकदाचे."

हे गुलाब म्हणजे श्रीनिवासरावांची कीर्ती होती. लातूरला रेल्वेने पाणी गेलं त्या उन्हाळ्यात मांडवापुढे टँकर नाही असं लग्न आसपास झालं नाही. कॅमेरा कुठेही वळवा, नवरीच्या मागे टँकर. मग त्यांनी टँकर दिसला की त्यावर गुलाबांचा पाऊस पाडायला सुरुवात केली. लोकांनी थट्टा केली खरी, पण पार करमाडची मंडळीही "गुलाब घाला बरं का" असं बजावून जाऊ लागली.

तेवढ्यात त्याच करमाडच्या बानाबाई दारात आल्या. मुलाच्या, हनुमानच्या, लग्नाची सीडी पिशवीतून काढून त्यांनी स्टूल पुढे ओढलं.

"भाऊ, ह्यातली गुलाबं काढता येतील का?"

श्रीनिवासरावांचा चेहराच पडला. "का हो? वाईट झालीत?"

"लई झ्याक झालीत. पर आमचे मालक लग्नात दिसभर टँकरपाशीच हुते, पाणी वाटीत. पिच्चरमधी तिथं निस्ती गुलाबं पडत्यात. पोळ्याला गेले ते. घरी फोटू हाय, पर हलणारा नाय."

श्रीनिवासरावांना मनापासून लाज वाटली. हौसेपायी आपण नवरदेवाच्या बापालाच झाकून टाकलं होतं, आणि मघाशी ते बटण दाबलं गेलं असतं तर तो बिचारा कायमचाच गुलाबांखाली राहिला असता.

"स्वरदा, हात काढ."

तिने चौकट आधीच बंद केली होती. "दुष्काळातली सगळी लग्नं आधी मोकळी करा. नवं मी दिवाळीत घालते. पण शेंद्र्याचे लोक तोवर थांबतील का?"

"नाही थांबणार," श्रीनिवासराव म्हणाले. "जाऊ देत."

त्यांनी जुनं काम उघडलं. यंत्र बराच वेळ कुंथलं. मग गुलाब गेले, टँकर दिसला आणि टँकरवर चढून पाइप धरलेला बानाबाईंचा नवरा, मल्हारी, दिसला. फेटा सुटला होता, गर्दीवर तोंड सोडलं होतं आणि मूळ आवाजावर चढवलेली सनई वाजत होती.

"शिव्या देत्यात," बानाबाई कौतुकाने म्हणाल्या. "ती पिपाणी बंद करा की."

श्रीनिवासरावांनी सनई बंद केली. दुकानात मल्हारीचा खणखणीत आवाज घुमला.

"अगं ए हनुमानच्या माय, सर बाजूला. वरमाय हायेस तू आज, लाईनीत कशाला हुबी?"

बानाबाई स्टुलावरून उठल्या. त्यांनी पदर सावरला.

"सरले बघा," त्या पडद्याला म्हणाल्या आणि खरंच बाजूला झाल्या.