दुर्गाबाईंना दिसलेले शेंडेनक्षत्र

मित्रांनो, आज मी आपणासमोर माझे जीवनचरित्र यथामती कथन करणार आहे. तरी ते शांतचित्ताने श्रवण करावे, ही विनंती.

मी एक जुना धूमकेतू आहे. आपली पृथ्वी जन्मली त्याच सुमारास नेपच्यूनपलीकडील अंधारात बर्फ आणि धूळ यांपासून माझा पिंड घडला. तेथे माझे असंख्य भाऊबंद होते. शेपूट कोणालाच नव्हते. पुढे नेपच्यूनच्या ओढीने माझी वाट वाकडी झाली, गुरूने मला आत खेचले आणि मी सूर्याजवळून फेऱ्या घालू लागलो. उन्हाने माझा बर्फ वाफ होऊन धुळीसह उडू लागला. त्यालाच लोक शेपूट म्हणतात.

यंदा दसऱ्याच्या पहाटे मी चाकणजवळच्या म्हाळुंगे गावावर उगवलो. खाली ज्योतीराम या छोट्या कारखानदाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोखंड कातायचा नवा लेथ झेंडूच्या माळा लेवून उभा होता. पूजेवाचून यंत्र सुरू करायचे नाही, हा तेथील रिवाज. आणि नारळ त्याच्या मातोश्री दुर्गाबाईंनी वाढवायचा. नमुन्याचा पहिला जॉब, म्हणजे कातलेला सुटा भाग, त्याच दिवशी गेला नाही, तर काम देणारी कंपनी ते दुसऱ्याला देणार होती.

दुर्गाबाई मात्र मला पाहून दारातच थबकल्या.

"शेंडेनक्षत्र उगवलंय. आज न्हाई वाढवायची मी नारळ."

शेजारचा गॅरेजवाला नवाब म्हणाला, "मावशी, एवढी मोठी दुनिया सोडून ते आपल्या पत्र्यावर कशाला येईल? पत्रा आधीच गळतोय."

"तू गप रं. आलं म्हंजे?"

ज्योतीराम म्हणाला, "आई, असले गोळे पृथ्वीवर आदळू शकतात, खोटं कशाला सांगू? म्हणून तर शास्त्रज्ञ त्यांच्या वाटा मोजत बसतात. हे लांबून जाणार आहे."

"मग एवढा धूर कशापायी सोडतंय?"

"लेथवर जॉब झिजतो ना, तसं उन्हानं झिजतंय ते. दर फेरीला थोडं थोडं. एक दिवस संपून जाईल."

दुर्गाबाईंनी पदर सावरून पुन्हा माझ्याकडे पाहिले.

"लोकं नावं ठेवत्यात, अन् हे बिचारं वाळत चाललंय," त्या पुटपुटल्या.

त्यांनी नारळ वाढवला. लेथ फिरू लागला. मग मीठ-मोहरी मुठीत घेऊन त्या अंगणात आल्या आणि पूर्वेकडे हात ओवाळून त्यांनी माझी दृष्ट काढली. तोवर उजाडले आणि मी दिसेनासा झालो.

मित्रांनो, मला भिऊन दारे लावू नका. माझ्यावर नजर ठेवा, माझी वाट मोजा, आणि जमल्यास थोडी मायाही करा. इतक्या युगांत माझी दृष्ट कोणी काढली नव्हती.

माझ्या वतीने हे लिहून देणारा, नवाब इस्माईल तांबोळी, गॅरेजवाला, म्हाळुंगे, सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार मानतो.