धाकटीला घाम येत नाही

आमच्या धंद्यात घाम हा वैरी. इस्त्री केलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर कपाळावरून एक थेंब पडला की डाग उठलाच, आणि मग सगळं धुण्यापासून पुन्हा. म्हणून आमच्या गल्लीत इस्त्रीवालीची पारख घडीवरून होत नाही, कपाळावरून होते. नवशिकी घामाने निथळते, मुरलेली कोरडी राहते. माझी सासू निखाऱ्यांवर वाकून उभी असायची आणि कपाळ कसं, तर पुसून ठेवलेल्या परातीसारखं. मी तिच्याच हाताखाली तयार झाले. माझी जाऊ, म्हणजे धाकटी, तीही तिथेच तयार झाली. हे म्हणताना माझी जीभ जरा जड होते, पण खरं ते खरं.

सासरे गेल्यावर इस्त्रीच्या खोलीचे दोन भाग झाले. मध्ये फळ्यांची भिंत आली. माझ्या वाट्याला खिडकी आणि मागच्या झाडाची सावली, तिच्या वाट्याला रस्त्याकडची बाजू, जिथे गिऱ्हाईक आपण होऊन थांबतं. तिला वाटतं मी सावली लाटली, मला वाटतं तिने गिऱ्हाईक लाटलं. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. म्हणजे तोंडावर नाही. फळीच्या अलीकडून मी मांजराला सांगते, "काही लोकांची इस्त्री कमी फिरते आणि जीभ जास्त." पलीकडून ती कोळशांना सांगते, "धूर करणारा खडा आधी उचलून बाहेर टाकावा." लेकी बोले सुने लागे. दोघींचे नवरे हे ऐकत ऐकत म्हातारे झाले आणि गेले. आमचं चालूच राहिलं. इतक्या वर्षांत तिने माझा एकही टोमणा उधार ठेवला नाही, आणि मी तिचा.

पूर्वी उन्हाळा पाहुण्यासारखा यायचा. हल्ली घरजावयासारखा येतो, लवकर येतो आणि जायचं नाव काढत नाही. डोक्यावर पत्रा, समोर निखारे, आणि रात्रीसुद्धा पत्रा निवत नाही. मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीतला एक इस्त्रीवाला भर दुपारी टेबलापाशी कोसळला तो उठलाच नाही. चांगला धडधाकट माणूस. तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी गल्लीची बैठक घेतली. माझी सून अशा कामांत सगळ्यांच्या पुढे, तिनेच सतरंज्या अंथरल्या.

नर्सबाई म्हणाल्या की हे ऊन आता वर्षागणिक वाढणार आहे, तेव्हा आपणच हातपाय हलवायचे. पहाटे काम सुरू करा, दुपारी इस्त्र्या विझवा. पत्र्यांना चुना मारा. गल्लीतली एक गार खोली ठरवा आणि दुपारी सगळ्यांनी तिथे बसा. आणि जोड्या लावा, म्हणजे दुपार झाली की ज्याने त्याने आपल्या जोडीदाराकडे डोकावून यायचं. शेवटी त्यांनी सांगितलं, उन्हात माणसाचा घाम थांबला आणि तो असंबद्ध बोलायला लागला, तर समजा जिवावर बेतलंय, धावत मला बोलवा.

आम्ही हसलो. सगळ्यात मोठ्याने मी. म्हटलं, "बाई, घाम थांबणं म्हणजे मरण असेल, तर आमची अख्खी गल्ली कधीच सरणावर चढलीय." बायका पोट धरून हसल्या. नर्सबाई हसल्या नाहीत.

गार खोली म्हणून माझीच बाजू ठरली, झाड माझ्याकडे असल्यामुळे. माझ्या पत्र्याला चुना लागला. धाकटीने आपल्या पत्र्याला हात लावू दिला नाही. वरून बघावं तर अर्धं छप्पर पांढरं आणि अर्धं गंजकं, एका बाजूची मिशी भादरून न्हावी पळून गेल्यासारखं. दुपारी समोरची शिंपीण यायची, धुणं वाळत घालणाऱ्या दोघी बहिणी यायच्या, त्यांची पोरं यायची. कुणी पाय पसरायचं, कुणी घोरायचं. धाकटी मात्र आली नाही. जोड्या लावल्या तेव्हाही ती धुण्यातल्या एकट्या मोज्यासारखी उरली. शेवटी सुनेने तिला आपल्या वाट्याला घेतलं.

सून म्हणाली, आई, त्यांना एकदा बोलवा ना. मी म्हटलं, दार काय बंद आहे? पलीकडे ते ऐकू गेलंच. धाकटीने कोळशांना सांगितलं की बोलावणं आल्याशिवाय ती देवाच्या दारातसुद्धा जात नाही. आणि तिची इस्त्री भर दुपारी चालत राहिली, धप, धप, आमच्या झोपेवरून.

मग तो दिवस आला. सून माहेरी गेली होती. सकाळी शाळेच्या मोठ्या बाई धाकटीकडून पडदे घेऊन माझ्याकडे साड्या न्यायला आल्या. म्हणाल्या, "तुमच्या जाऊबाईंची कमाल आहे हो. आम्ही उभ्या उभ्या भिजलो आणि त्यांच्या अंगावर थेंब नाही." मला ते झोंबलं. त्या गेल्यावर मी पदराने कपाळ टिपलं आणि मनात म्हटलं, या चुन्याने आणि सावलीने माझा हात नासवला, धाकटी अजून पहिल्यासारखी आहे.

दुपारी इस्त्री विझवली. बायका येऊन बसल्या. पलीकडे धप, धप चालूच. मी मांजराला म्हटलं, "काहींना वाटतं, सूर्यसुद्धा यांच्याकडूनच विस्तव मागून नेतो."

टोमणा चांगला बसला होता, शिंपीण खो खो हसली. मी पलीकडच्या उत्तराची वाट बघितली. काही आलं नाही. खरं सांगायचं तर आधी मला आनंदच झाला. उभ्या जन्मात पहिल्यांदा शेवटचा शब्द माझा होता. मी ऐटीत पाणी मागवून प्याले. मग आणखी एक सोडला, तिच्या घड्या म्हणजे म्हाताऱ्याचे गाल. तोही तसाच पडून राहिला. धप, धपही थांबलं. आणि फळीपलीकडून अगदी हळू, नव्या नवरीसारखा आवाज आला.

"सासूबाई, ओल्या चादरी इकडे द्या ना."

शिंपीण म्हणाली, घ्या, आता तुम्हाला सासूचा मान मिळाला. पण मी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि उठले. माझी सासू जाऊन एक पिढी झाली होती. धाकटी मला शिव्या घालेल, माझी मांजर पळवेल, पण चादरी मागणार नाही.

मी रस्त्याने वळसा घालून पळाले. माझ्या वयाची बाई पळते तशी, म्हणजे आधी श्वास पोचतो आणि मग पाय. धाकटी टेबलापाशी उभीच होती. इस्त्री कापडावर तशीच ठेवलेली, खालून धूर येत होता, आणि तिचे दोन्ही हात हवेत घडी घालत होते. कापडाशिवाय, पण घडी सुबक. मी इस्त्री बाजूला केली आणि तिचा दंड धरला. दंड तापलेला, कोरडा खडखडीत. कपाळसुद्धा. तेच कपाळ, ज्याच्यावर सकाळी मी जळले होते.

मी शिंपिणीला दवाखान्याकडे पिटाळलं. दोघी बहिणींनी आणि मी मिळून धाकटीला उचललं आणि माझ्या खोलीत आणून निजवलं. स्वतःच्या पायांनी नाही, पण माझा उंबरठा तिने ओलांडला. एका लॉजच्या चादरी इस्त्रीसाठी पाणी मारून गुंडाळून ठेवल्या होत्या. त्या सगळ्या टबात बुचकळल्या आणि तिच्या अंगाभोवती लपेटल्या. चादर गरम झाली की बदलायची, पुन्हा बुचकळायची. पोरं पुठ्ठ्यांनी वारा घालत होती. धाकटी सासूबाईंशी बोलत होती, माझ्याबद्दल तक्रारच करत होती, त्यामुळे मला जरा धीर आला.

नर्सबाई आल्या, गाडी बोलावली, तिला मोठ्या इस्पितळात नेलं. जाताना त्या मला एवढंच म्हणाल्या की चादरींचं बरं सुचलं. घामाचा विषय काढला नाही. त्यांनी काढला असता तर बरं झालं असतं. मला भांडता तरी आलं असतं.

धाकटी वाचली. ती इस्पितळात असताना तिच्या मुलाने छपराच्या राहिलेल्या भागाला चुना मारून घेतला. परत आल्यावर वर बघून म्हणाली, हे छप्पर आहे की कावळ्यांचा संडास. आम्हाला वाटलं, आता तरी ही शहाणी होईल. थोडे दिवस ती गप्प पडून राहिली, आणि मग एका दुपारी, आम्ही पाय पसरतोय तोच पलीकडून कोळसे फुंकल्याचा आवाज आला. धप, धप.

मुलगा पाया पडला. सून समजावून आली. नर्सबाई रागावून आल्या. धाकटीचं एकच, मी कुणाच्या घरात जाऊन बसू, मला कुणी ये म्हटलंय का?

मी टोमणे मारायचे सोडले. झोपही सोडली. फळीला कान लावून बसायचे. ती कापड बदलायला थांबली की माझाही श्वास थांबायचा. धप झालं की सुटायचा. सून म्हणाली, आई, एक शब्द बोलायचाय, तुमचं काय जातं? कालची आलेली पोर, तिला काय कळणार माझं काय जातं ते. पण दोन दुपारी अशा काढल्यावर मला कळलं की नाही बोलले तर जास्त जाईल.

तिसऱ्या दुपारी मी पदर डोक्यावर घेतला आणि रस्त्याने वळून तिच्या टेबलासमोर, जिथे गिऱ्हाईक थांबतं, तिथे जाऊन उभी राहिले. तिने मान वर केली नाही.

"कपडे आणलेत का?" तिने विचारलं.

"नाही. तुला न्यायला आलेय. माझ्याकडे चल."

"दार उघडंच असतं म्हणे तुमचं, जाऊबाई."

"असतं."

"उघड्या दारातून कुत्री येतात. माणसाला बोलवावं लागतं."

"म्हणून तर आले ना उन्हातान्हात. बाकीच्या सगळ्या बसतात आणि मी बोलेन ते मुकाट ऐकून घेतात. कंटाळा येतो मला. तू चल."

धाकटीने इस्त्री उभी केली. मग चिमट्याने एकेक निखारा काढून राखेच्या बादलीत टाकायला लागली. घाई केली नाही. मला मुद्दाम उन्हात उभं ठेवलं, हे मला कळत होतं, तिलाही कळत होतं की मला कळतंय. शेवटचा निखारा विझल्यावर म्हणाली, "जोडी मी लावीन. तुम्हाला बघायला मी येणार, तुमचं वय झालंय."

मी फक्त दोन उन्हाळ्यांनी मोठी आहे. पण म्हटलं, ये बाई.

आम्ही खोलीत शिरलो. दोघी बहिणी सरकल्या, भिंतीकडची जागा मोकळी झाली. धाकटी बसली नाही. तिने एकेक तोंड बघितलं, पोरंसुद्धा.

"तो कुलपं दुरुस्त करणारा म्हातारा कुठाय? कोपऱ्यावरचा?"

कुलूपवाला पत्र्याच्या टपरीत बसतो. टपरी एवढीशी, दुपारी हात लावला तर चटका बसतो. सून म्हणाली, त्यांना बैठकीचं माहीत आहे की.

"माहीत असणं वेगळं," धाकटी म्हणाली. "त्याला कुणी ये म्हणालंय का?"

ती माझ्याकडे बघत होती. मी नुकत्याच काढलेल्या चपला पुन्हा पायात घातल्या. ती पण वळली, आणि आम्ही दोघी भिंतीच्या कडेकडेने, सावली होती तेवढ्यातून, कोपऱ्याकडे निघालो.